सेकंदांत मोजलेलं तेल

माझ्या अम्मीकडे पाक मोजायचं एकच यंत्र होतं, अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट. ईदच्या आदल्या दिवशी चुलीवर पाक चढला की ती उलथन्याच्या टोकावरचा थेंब बोटावर घ्यायची, अंगठ्यानं दाबायची आणि बोटं हळूच दूर करायची. एक तार आली की एकतारी, दोन आल्या की दोनतारी. आम्हा पोरांना मध्येमध्ये लुडबुडायची हौस. ती बजावायची, "थेंब जरा निवू द्या, पण पार गार नका करू. गार झाला की कच्चा पाकही घट्ट लागतो, फसवतो." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलं होतं. तरी पुढं एका साखर कारखान्यात ते नेमकं विसरलो आणि त्याची किंमत मोजावी लागली. मला थोडी, दुसऱ्या एका माणसाला बरीच.

रेडिओवरच्या मित्रांनी 'मापं' या विषयावर बोलाल का, असं विचारलं तेव्हा त्यांच्या मनात बहुधा वृत्तं आणि मात्रा असाव्यात. कवी माणूस, गझलेच्या वजनाविषयी बोलेल. मी म्हटलं, तेलाच्या जाडीविषयी बोलतो. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. पण तेच आज सांगणार आहे, कारण त्या मापांचा गुंता सोडवायला मला अर्धं आयुष्य लागलं, आणि तो गुंता आहे तसा साध्या माणसाला समजण्यासारखा.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. १९९५ साली एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये क्लार्क होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. गव्हाणीत ऊस पडला की तो पुढं ओढून नेणारी जी साखळी असते, केन कॅरिअर, तिचा गिअरबॉक्स जुना, विलायती बनावटीचा होता. त्याच्या पुस्तिकेची पिवळी पडलेली झेरॉक्स आमच्या फाईलला होती. तीत कोणतं तेल घालावं ते लिहिलं होतं : रेडवूड नंबर एक, २८० सेकंद. मला आधी गंमतच वाटली. तेल लिटरमध्ये असतं, किलोत असतं. सेकंदांत कसं असेल?

वर्षानुवर्षं एका ठरावीक नावाचं पिंप यायचं, त्यामुळे हा प्रश्न कधी कुणाला पडला नव्हता. त्या हंगामात ते नाव बाजारातून गेलं. नव्या पिंपांवर नुसते आकडे होते : ३२, ४६, ६८, १००, १५०, २२०. खरेदीच्या फाईलवर 'समतुल्य दर्जा' लिहून हवा होता. चीफ इंजिनिअर गळिताच्या धांदलीत. माझ्या टेबलावर कुणा विक्रेत्यानं वाटलेली डायरी होती आणि तिच्या शेवटच्या पानांवर रूपांतराची कोष्टकं होती. मी बोट फिरवलं. रेडवूड २८० सेकंद म्हणजे ६९ सेंटिस्टोक. समोर ६८ चा आकडा हात जोडून उभा! नोट लिहिली, सही झाली, ६८ नंबरची पिंपं आली. मराठीच्या बी.ए.नं इंजिनिअरिंगचं काम केलं म्हणून त्या संध्याकाळी मी स्वतःवर बराच खूश होतो.

आमच्या ऑईलमनला सगळे मामा म्हणत. वय पन्नाशीच्या पुढचं, सही करण्यापुरतं शिक्षण. पिंप उघडल्यावर त्यांनी तेल अंगठ्या-बोटात घेतलं, चोळलं, बोटं दूर केली. तंतोतंत अम्मीसारखी. आणि म्हणाले, "शायर, हे पातळ आहे." मी डायरी उघडून कोष्टक दाखवलं. "मामा, हिशोबात बसतंय." ते कोष्टकाकडे बघून गप्प झाले. छापलेल्या आकड्यापुढं आपल्याकडे माणसं लवकर गप्प होतात.

काय चुकलं ते सांगण्याआधी हा आकडा असतो कशाचा, ते बघू.

पुस्तकी मराठीत याला श्यानता म्हणतात. शब्द शास्त्रशुद्ध आहे, पण जिभेवर येत नाही. काही जण चिकटपणा म्हणतात, तो तर दिशाभूल करणारा. डिंक चिकटतो आणि मध ओघळायला वेळ घेतो, या दोन निराळ्या गोष्टी. मामा जाडी म्हणत. तेल जाड आहे, पातळ आहे. मी मामांचाच शब्द वापरतो. द्रवाचे थर एकमेकांवरून सरकताना जे अडवतात, त्या अडवणुकीचं माप म्हणजे जाडी.

ही जाडी दोन तऱ्हांनी सांगतात आणि इथंच पहिली मेख आहे. एक नुसत्या अडवणुकीचं माप. त्याचं जुनं एकक पॉइज, पॉझॉय या फ्रेंच डॉक्टराच्या नावावरून आलेलं. बारीक नळ्यांतून रक्त कसं वाहतं याचा विचार करताना तो या प्रश्नाकडे वळला. दुसरं माप म्हणजे त्या अडवणुकीला द्रवाच्या घनतेनं भागून येणारा आकडा. पुस्तकात याला शुद्धगतिक श्यानता म्हणतात. घनतेनं भागायचं कशाला? कारण भांड्याच्या भोकातून द्रव वाहतो तो स्वतःच्याच वजनानं. जड द्रव स्वतःला जास्त जोरानं ओढतो. तेव्हा किती वेळात वाहिला हे घड्याळ लावून मोजलं, की अडवणूक आणि वजन या दोघांचा हिशोब त्या वेळेत आपसूक झालेला असतो. तेलवाल्यांना हेच मोजणं सोपं, म्हणून त्यांच्या व्यवहारात हेच दुसरं माप रुळलं.

जुन्या लोकांना हे पटकन कळेल. पायली हे धान्य भरायचं माप. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर करडई यांचं वजन सारखं भरत नाही. पायलीचे किलो किती, असं विचारलं तर शहाणा दुकानदार आधी विचारतो, कशाचे? तसंच सेंटिपॉइजचे सेंटिस्टोक करायचे तर आधी विचारावं लागतं, कोणत्या द्रवाचे? पाण्याची घनता एक, म्हणून पाण्याला दोन्ही आकडे सारखेच येतात. पाऱ्याची घनता साडेतेरापट. नुसती अडवणूक बघितली तर पारा पाण्यापेक्षा दीडपट जाड आहे. घनतेनं भागल्यावर मात्र तो पाण्याच्या नवव्या हिश्शाइतका पातळ ठरतो. हवेची गंमत उलटी. तिची अडवणूक पाण्यापुढं नगण्य, पण घनता त्याहून नगण्य, म्हणून या दुसऱ्या मापानं हवा पाण्याच्या सुमारे पंधरापट जाड! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा छापखान्याचा घोटाळा वाटला होता.

या दुसऱ्या मापाचं एकक स्टोक. जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स हा १८१९ मध्ये आयर्लंडमध्ये जन्मलेला गणिती. १८४९ पासून १९०३ मध्ये मरेपर्यंत तो केंब्रिजमध्ये एकाच अध्यासनावर होता, पूर्वी न्यूटन ज्यावर होता त्याच. ढगातले बारीक थेंब धाडकन खाली का पडत नाहीत, याचं गणित त्यानं दिलं. थेंब जेवढा लहान तेवढी हवेची जाडी त्याला जास्त अडवते. एक स्टोक म्हणजे सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर. त्याचा शंभरावा भाग सेंटिस्टोक, म्हणजेच सेकंदाला एक चौरस मिलिमीटर. वीस अंश सेल्सिअसचं पाणी जवळजवळ नेमकं एक सेंटिस्टोक भरतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

पण जाडी आणि चौरस मिलिमीटर? हे मला बरेच दिवस छळत होतं. पुढं तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेल्या एका गुरुजींनी चहाच्या कपावर समजावलं. चहा ढवळा आणि चमचा काढून घ्या. चहा फिरत राहतो, मग हळूहळू थांबतो. कपाची भिंत स्थिर आहे. तिला लागून असलेला थर आधी थांबतो, तो शेजारच्याला थांबवतो, तो पुढच्याला. स्थिरपणा भिंतीकडून आत झिरपत जातो. कापडावर शाईचा डाग पसरावा तसा. पसरणाऱ्या डागाचा हिशोब क्षेत्रफळातच होतो, म्हणून एका सेकंदाला इतके चौरस मिलिमीटर. एका थराची हालचाल, किंवा थांबणं, शेजारच्या थरांत किती झपाट्यानं झिरपतं ते हा आकडा सांगतो. गुरुजींचा तो चहा गार झाला, पण मला त्या दिवशी फार छान वाटलं.

एकदा हे कळलं की पहिल्या जातीचं रूपांतर म्हणजे नुसती शून्यं सरकवणं. शंभर सेंटिस्टोकचा एक स्टोक. दहा हजार स्टोक, म्हणजे दहा लाख सेंटिस्टोक, मिळून सेकंदाला एक चौरस मीटर. इंग्रजी पुस्तकांत सेकंदाला चौरस फूट असतं, ते सुमारे ९२,९०३ सेंटिस्टोक. चूक होते ती चौरस हा शब्द विसरल्यामुळे. मीटरचे मिलिमीटर हजार, म्हणून माणूस हजारानं गुणतो. गुणायचं असतं हजाराच्या हजारपटीनं. ज्यानं गुंठ्यात जमीन घेतली आहे तो ही चूक सहसा करत नाही. प्लॉटची बाजू दुप्पट झाली की किंमत चौपट होते हे त्याला खिशातून कळलेलं असतं.

दुसरी जात सेकंदांची. ही खरी घोळाची.

आपल्याकडे खेड्यात वाट विचारली तर अजून एखादा म्हातारा सांगतो, "दोन बिड्या ओढून होईस्तोवर पोचाल." अंतर वेळेत सांगितलं. तेलाचं तसंच झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खनिज तेलाचा व्यापार वाढला आणि प्रत्येक देशानं आपापलं भांडं काढलं. इंग्लंडात बोव्हर्टन रेडवूड यांचं भांडं : पन्नास घनसेंटिमीटर तेल खाली पडायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. अमेरिकेत सेबोल्ट यांचं : साठ घनसेंटिमीटरला किती सेकंद. जर्मनीत कार्ल एंग्लर यांनी निराळीच युक्ती केली. दोनशे घनसेंटिमीटर तेलाला लागलेल्या वेळेला तेवढ्याच पाण्याला वीस अंशांवर लागलेल्या वेळेनं भागायचं. म्हणून त्यांचे सेकंद नाहीत, एंग्लरचे अंश. रेडवूडच्या भांड्याचं भोक झिजू नये म्हणून ते अकीकाच्या खड्यात कोरलेलं असे. माझ्या अब्बांच्या अंगठीतला खडा तोच. एकाच दगडाला लोकांनी काय काय कामं दिली!

एकच तेल, समजा आमचं ६९ सेंटिस्टोकचं, रेडवूडच्या भांड्यात २८० सेकंद घेतं, सेबोल्टच्या भांड्यात सुमारे ३२०, आणि एंग्लरच्या हिशोबात नऊ अंशांच्या आसपास बसतं. नुसता आकडा ऐकून कोणतं तेल जाड हे सांगताच येत नाही.

बरं, सेकंदांचे सेंटिस्टोक करायला एकच गुणक असता तर प्रश्न नव्हता. तो नाही. रेडवूडचे सेकंद शंभरच्या वर असतील तर त्यांना ०.२४७ नं गुणायचं आणि पन्नासाला त्या सेकंदांनी भागून आलेला आकडा वजा करायचा. २८० चं करून बघा : ६९.१६ मधून ०.१८ गेले, राहिले ६८.९८. सेकंद शंभरच्या आत असतील तर गुणक ०.२६ आणि वजा करायचं १७९ भागिले सेकंद. या हिशोबानं ४० सेकंदांचे होतात ५.९ सेंटिस्टोक आणि ८० सेकंदांचे १८.६. सेकंद दुप्पट, जाडी तिपटीहून अधिक. कारण पातळ द्रवाचा वेळ अडवणुकीशी झगडण्यात थोडा आणि नुसता वेग घेण्यात बराच जातो. साधं पाणीसुद्धा क्षणात खाली पडत नाही, त्यालाही वेळ लागतोच. तेवढा वेळ जाडीच्या खात्यातून वजा करावा लागतो. तेल जाड असलं की ही वजाबाकी नगण्य होते आणि मग ढोबळ गुणक चालतात : सेंटिस्टोकचे रेडवूड सेकंद करायला चारनं गुणा, सेबोल्टचे करायला ४.६ नं, आणि एंग्लरचे अंश हवे असतील तर साडेसातनं भागा. पातळ तेलाला मात्र कोष्टकच बघावं.

म्हणजे मी तर कोष्टकच बघितलं होतं आणि बरोबर बघितलं होतं. मग?

तीनेक आठवड्यांनी गिअरबॉक्स कुरकुरायला लागला आणि एका रात्री केन कॅरिअर थांबला. उघडलं तर दातांना खड्डे पडलेले, कडा खाल्लेल्या. गाळप बंद. बाहेर रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची रांग, थंडीत शेकोट्या करून बसलेली माणसं. ऊस तुटल्यावर वाळत जातो, वजन घटतं आणि नुकसान शेतकऱ्याचं होतं. वरून विचारणा झाली आणि चौकशीच्या कागदावर आलं : ऑईलमननं तेलाची पातळी राखली नाही. मामांना दुसऱ्या दिवसापासून कामावर येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. ते काही बोलले नाहीत. फाटकातून जाताना मला म्हणाले, "पातळी होती शायर. तेल पातळ होतं."

त्या रात्री मी ती झेरॉक्स पुन्हा काढली. 'रेडवूड नंबर एक, २८० सेकंद' या ओळीखाली, झेरॉक्सच्या काळ्या डागात अर्धवट बुडालेली, आणखी एक ओळ होती : १४० अंश फॅरनहाइटला. ती मी आधीही बघितली होती. गिअरबॉक्स किती तापतो ते लिहिलं असेल, असं समजून सोडून दिली होती.

श्रोतेहो, सगळी ग्यानबाची मेख त्या ओळीत होती. १४० फॅरनहाइट म्हणजे ६० सेल्सिअस. पुस्तिका म्हणत होती, साठ अंशांना तापलेलं असताना हे तेल ६९ सेंटिस्टोक भरलं पाहिजे. आणि पिंपावरचा ६८ हा आकडा असतो चाळीस अंशांचा. १९७५ सालच्या आंतरराष्ट्रीय मानकानं तसं ठरवलं आहे : चाळीस अंश सेल्सिअसला जितके सेंटिस्टोक, तो नंबर, दहा टक्के इकडेतिकडे. नेहमीचं ६८ नंबरचं खनिज तेल साठ अंशांना नेलं की तिशीच्या आत येतं. जितकं जाड हवं होतं त्याच्या निम्मंही नाही. आम्हाला हवं होतं ते १५० आणि २२० च्या मधलं, २२० ला जवळचं. म्हणजे सेकंदांचे सेंटिस्टोक करणं बिनचूक होतं, पण साठ अंशांचा आकडा मी चाळीस अंशांच्या चौकटीत नेऊन बसवला होता. दातादातांमध्ये तेलाचा जो थर राहायला हवा तो राहिलाच नाही, लोखंडाला लोखंड लागलं.

आणि एका तापमानावरून दुसऱ्या तापमानावर नेणारा गुणक कोणत्याच डायरीत नसतो. तो प्रत्येक तेलाचा वेगळा. काही तेलं तापली की पार पाण्यासारखी होतात, काही धीर धरतात. दोन तापमानांना मोजलेले आकडे हातात असतील तरच मधला काढता येतो. पाण्याचंच घ्या : शून्य अंशाला १.७९, वीसला १, शंभरला ०.२९. आज मोबाइलमध्ये एका बाजूला सेकंद टाकले की दुसऱ्या बाजूला सेंटिस्टोक येतात, क्षणात. पण तापमान किती, हे तो सहसा विचारत नाही. माझी डायरीही विचारत नव्हती.

गाडीच्या तेलाच्या डब्यावरचा आकडा तर सेंटिस्टोकही नसतो. २०डब्ल्यू-४० मधले ४० म्हणजे फक्त वर्गाचं नाव. शंभर अंशांना ज्या तेलाची जाडी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान, ते ४० चं. हेच तेल चाळीस अंशांना शंभराच्या वर भरतं, म्हणजे कारखान्यातल्या ६८ पेक्षा कितीतरी जाड. गिअरच्या तेलाचा ९० नंबर ऐकून लोक दचकतात; तो इंजिनच्या ४०-५० च्या जवळपासचाच असतो. शाळेतला दहावीचा वर्ग आणि तालमीतली दहावी जोडी, आकडा सारखा म्हणून कुणी त्यांची तुलना करतं का?

मी चीफ इंजिनिअरांकडे जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी नव्हे, खरं सांगायचं तर अकराव्या दिवशी. ते दहा दिवस मी काय करत होतो याचं उत्तर माझ्याकडे नाही. नोकरी नवी होती, घरात अब्बा आजारी होते, ही कारणं खरी आहेत आणि पुरेशी नाहीत. साहेबांनी झेरॉक्स दिव्याखाली धरून ती ओळ वाचली, स्वतःची सहीही बघितली आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मामांना परत बोलावलं गेलं. चौकशीच्या कागदावरची ओळ मात्र कुणी खोडली नाही. माझी एक वेतनवाढ थांबली. मामांचा अकरा दिवसांचा पगार बुडाला, तो बुडालाच.

मी तेवढे पैसे पाकिटात घालून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी नोटा मोजल्या, मग मनाशी काहीतरी हिशोब केला आणि त्यातल्या काही मला परत दिल्या. म्हणाले, "यात एक रविवार होता."

२२० चं पिंप आलं त्या दिवशी मी त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी बोट बुडवलं, चोळलं, पण लगेच काही बोलले नाहीत. वाटीभर तेल घेऊन बॉयलरकडे गेले, वाफेच्या पाइपाला वाटी टेकवून उभे राहिले आणि तेल तापल्यावर मला हाक मारली, "शायर, आता तुम्ही बघा." मी अंगठा आणि बोट पुढं केलं.